नेम

बसा. पाठ भिंतीला टेकली तरी हरकत नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून या. तो समोर पालथा ठेवला तरी आपले कान त्याच्याकडेच लागलेले असतात. दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवा, कुणीतरी त्यात काही मोजून ठेवणार आहे अशा बेताने. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही. येतो तसा येऊ द्या.

आज एका शब्दापाशी बसायचे आहे. नेम.

हा शब्द मनात तीनदा म्हणा, मध्ये जागा सोडून. पहिल्यांदा म्हणाल तेव्हा एक डोळा मिटलेला माणूस दिसेल, बंदुकीची माशी आणि निशाण एका रेषेत आणणारा. त्याने नेम धरला आहे. दुसऱ्यांदा म्हणाल तेव्हा कुणाची तरी आजी दिसेल, पहाटे अंघोळ करून तुळशीला पाणी घालणारी. पाऊस असो, पाहुणे असोत, तिने एक दिवस चुकवलेला नाही. तोही नेम. तिसऱ्यांदा आपण येता-जाता बोलतो ते वाक्य ऐकू येईल : पावसाचा काही नेम नाही.

संस्कृतातला 'नियम' लोकांच्या तोंडी झिजून 'नेम' झाला. रोज तेच, त्याच रीतीने करणे याला मराठी माणूस नेम म्हणतो, आणि गोळी हव्या त्या जागी लागणे यालाही नेमच म्हणतो. लहानपणी मला हे दोन वेगळे शब्द वाटत. ते एकच आहेत हे मला आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीने दाखवले. आज तीच बंदूक समोर ठेवून बसू.

कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगराला लागून आजोबांचे शेत होते. रानडुकरे उभा मका एका रात्रीत आडवा करत, म्हणून त्यांच्याकडे पीक संरक्षणाचा परवाना होता आणि एक जुनी बंदूक. काडतुसाची नव्हे, नळीच्या तोंडातून दारू घालून, गजाने ठासून बार भरायची ती.

दिवस मावळायला आलेला. ओट्यावर गोणपाट अंथरलेले. त्यावर सामान एका ओळीत : दारूची डबी, वेळूच्या कांड्याचे माप, चिंध्यांचे बोळे, छर्ऱ्यांची पुरचुंडी, आणि सगळ्यात लांब, मुद्दाम हाताला न लागेल अशी, ठिणगी पाडणाऱ्या टोप्यांची चपटी डबी. टोपी ओट्यावर कधी बसवायची नाही. ती शेतात गेल्यावर, नळी मोकळ्या रानाकडे असताना.

आजोबा आधी गज उचलत. त्या लोखंडी गजावर त्यांनी कानशीने दोन खाचा पाडल्या होत्या. नळी रिकामी असेल तर गज जिथवर आत जातो तिथे एक, आणि बार भरलेला असेल तर जिथवर जातो तिथे दुसरी. काल रात्री बार काढला हे त्यांना पक्के ठाऊक असे. स्वतःच काढलेला असे. तरी ते गज आत सोडत आणि डोके कलते करून ऐकत. रिकाम्या नळीत गज तळाच्या लोखंडावर टेकला की खणखणीत आवाज येई. भरलेल्या नळीत तो चिंधीच्या बोळ्यावर टेके आणि आवाज थप् असा, मेलेला येई. कान सांगे, मग खाच सांगे. दोघांचे एकमत झाले की पुढचे काम.

त्या आवाजापाशी थोडे थांबा. खण्ण. मनात वाजू द्या आणि विरू द्या.

आता या चित्रात मी आहे, सात-आठ वर्षांचा. आजीने आतून सांगितले म्हणून धावत ओट्यावर आलो आणि ओरडलो, "आजोबा, चहा!" त्यांच्या हातात माप होते. रिकामे माप. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मापाकडे पाहिले, मग नळीकडे, मग डबीकडे. दारू नळीत टाकून माप रिकामे झाले होते, की अजून भरायचेच होते? मी ओरडलो त्या क्षणाने मधली एक गोष्ट पुसून टाकली होती.

त्यांनी बंदूक उचलून गोणपाटावर पालथी केली आणि कुंद्यावर हलके थापट्या मारल्या. काळे दाणे ओघळून खाली पडले. म्हणजे टाकली होती. मला वाटले, झाले, कळले, आता चिंधी घाला. पण सगळी आत होती की थोडी, आणि सगळी बाहेर आली की थोडी, हे सांगणारे कुणी नव्हते. त्यांनी नळी कोरड्या चिंधीने साफ केली, गज सोडला, ऐकले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सगळे संपल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, "इसरलं की रिकामं करायचं. अंदाज धरायचा नाही."

चहा गार झाला होता. आजीने तो पुन्हा गरम करून दिला.

आता स्वतःकडे या. आज सकाळपासून असे काही घडले असेल. गॅस बंद केला होता का? बीपीची गोळी घेतली होती का? प्रश्न पडल्याबरोबर मन काय करते ते पाहा. ते आठवत नाही, ते सुचवते. "घेतलीच असेन." त्या 'च'कडे नीट पाहा. आठवणीत जी जागा रिकामी आहे ती मन या एका अक्षराने बुजवते, आणि इतक्या सफाईने बुजवते की बुजवल्याचे आपल्याला कळतही नाही. त्याच्यावर रागावू नका. आपल्याला सोपे जावे म्हणूनच ते तसे करते. फक्त त्याला तसे करताना एकदा पाहून ठेवा.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता आपण आपल्या शहरातून, छत्रपती संभाजीनगरातून, निघू. पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला. चांद मिनार मागे टाकून, चिनी महालाच्या पुढे चढून त्या बुरुजावर या जिथे मेंढा तोफ आहे. ऊन असेल तर तिच्या अंगाला हात लावून पाहा, चटका बसेल. मागच्या टोकाला वळलेल्या शिंगांचे मेंढ्याचे मुंडके, अंगावर फारसी अक्षरे, आणि नाव किलाशिकन, म्हणजे किल्ला फोडणारी. ही तोफही आजोबांच्या बंदुकीसारखीच तोंडातून भरायची. दारू, तिच्यावर गोळा, मागे कान्याला बत्ती. तिच्याभोवती गोलंदाज कसे उभे राहत असतील, कोण माप धरत असेल, कोण ठासत असेल, आणि ठासणारा तोंडासमोरून बाजूला झाला की नाही हे कोण पाहत असेल, ते डोळ्यांसमोर आणा. गोळा कुठे जाऊन पडला याचे इतिहास लिहिले गेले. मला मात्र तिथे उभे राहिले की ठासणाराचेच हात दिसत राहतात.

तिथेच, सावलीला बसा. एक जुनी हकिकत आठवू. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. रामदेवराव यादव किल्ल्यात शिरला. वेढा पडणार म्हणून घाईघाईने व्यापाऱ्यांची पोती आत घेतली गेली होती. धान्याची पोती आहेत, दिवस निघतील, असा सगळ्यांचा भरवसा. सांगतात की पोती उघडली तेव्हा आत मीठ निघाले.

मी ही गोष्ट शाळेत ऐकली तेव्हा वाईट वाटले होते ते राजाचे. आता वाटते ते पोत्यांचे. कड्यावर कडे असलेला, कातळ तासून केलेला किल्ला, आणि पोत्याचे तोंड सोडून मूठभर बाहेर काढून पाहणारा एक माणूस त्या दिवशी नव्हता. बाहेरून पोते पोत्यासारखेच दिसते.

ते पोते मनात धरून ठेवा. ते पुढे लागणार आहे.

किल्ला उतरून परत शहरात या, सराफ्यात. एखाद्या जुन्या पेढीवर काचेच्या पेटीत ठेवलेला काटा असतो. काच कशासाठी, तर गिऱ्हाइकाच्या श्वासानेही पारडे हलते. या काट्यावर आपल्या आजी-पणजीचे सोने गुंजांनी तोलले गेले. लाल, काळ्या डोळ्याची गुंज, वेलीवरचे बी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. १८३३ साली कंपनी सरकारने तोळ्याचे वजन १८० ग्रेन असे ठरवून टाकले. ग्रेन म्हणजेही दाणाच, तिकडचा, जवाचा. रायफलीची गोळी आणि तिच्यामागची दारू जगभर आजही याच ग्रेनांत तोलतात. थर्टी-ओ-सिक्स रायफलीत १८० ग्रेनची गोळी सर्रास वापरतात. म्हणजे बरोबर एक तोळा शिसे-तांबे. मला हे कळले तेव्हा मी कितीतरी वेळ रिकाम्या तळहाताकडे पाहत बसलो होतो. तोळाभर.

तुमच्या उताण्या तळहातावर आता तो तोळा ठेवा. वजन जाणवू द्या.

आता एक मेज मांडू. परदेशांत अनेक नेमबाज आपली काडतुसे घरी, हाताने भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस तयार करता येत नाही आणि ते योग्यच आहे, त्यामुळे हे मेज फक्त मनात मांडायचे. मेजावर चारच वस्तू. एकदा उडवून झालेली पितळेची पुंगळी. तिच्या बुडात बसवायची टोपी. दारू. आणि गोळी. 'काडतूस' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, 'बंदूक' अरबीतून आला, आणि 'दारू' फारसीतून. फारसीत दारू म्हणजे औषध. आपण दवादारू म्हणतो त्यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूला जो शब्द आहे त्याचा अर्थ आगीचे औषध. मग तिच्या मापाला मात्रा म्हणायला काय हरकत आहे? वैद्याकडे असते तीच मात्रा. कमी पडली तर गुण नाही, जास्त झाली तर जीव जातो.

रायफलीच्या एका काडतुसात साधारण तीन मासे दारू असते, चमचाभरही नाही. ती पेटते तेव्हा, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत, पुंगळीतला दाब चौरस इंचाला पन्नास-साठ हजार पौंडांवर जातो. मोटारीच्या चाकात तो तीस-बत्तीस असतो. आणि हे सगळे माणसाच्या गालापासून वीतभर अंतरावर. दारू थोडी वाढली की दाब थोडाच वाढेल, हा हिशेब इथे चालत नाही. दाब दारूच्या पुढे धावतो. म्हणून भरणारा माणूस छापील तक्त्यातल्या कमाल मापापासून सुरुवात करत नाही, बराच खाली राहतो, आणि पुंगळ्या, टोप्या काय सांगतात ते पाहत एकेक पायरी चढतो. काट्यावर तो ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो. एका गुंजेचे एकोणीस भाग केले तर त्यातला जवळपास एक.

मेजावर दारूचा डबा एकच. दुसरा कपाटात, कुलपात. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. रायफलीची दारू आणि पिस्तुलाची दारू दिसायला सारखीच काळपट, सारखीच निरुपद्रवी. पण एक सावकाश जळते आणि दुसरी भडकन. एकीच्या मापाने दुसरी भरली तर रायफलीची नळी फुटू शकते. म्हणून काम झाल्यावर उरलेली दारू ज्या डब्यातली त्याच डब्यात परत जाते, आणि चिठ्ठी निघालेल्या डब्यातली दारू, किती का महाग असेना, वापरली जात नाही. इथे ते देवगिरीचे पोते उघडा. मूठ आत घाला. जे बाहेर येईल ते जिभेला लावून पाहा.

खारट.

थोडा वेळ त्या चवीत राहा. आपल्या घरातले, कामातले असे कोणते पोते आहे, जे आत काय आहे ते ठाऊक आहे असे समजून आपण वर्षानुवर्षे रचून ठेवले आहे? नाव घ्यायची गरज नाही. नुसते त्याच्यासमोर उभे राहा.

आता पुंगळ्या. लाकडी ठोकळ्याला पन्नास भोके, प्रत्येकात एक पुंगळी, सगळ्या तोंड खाली करून. तोंड खाली म्हणजे रिकामी. एक उचलायची, सुलटी करायची, तोललेली दारू तिच्यात घालायची आणि तोंड वर करून ठेवायची. एका वेळी एकच. पन्नास झाल्या की वरून बॅटरीचा उजेड टाकायचा. पन्नास छोट्या विहिरी, आणि प्रत्येकीत दारूची पातळी. सगळ्या सारख्या दिसल्या पाहिजेत. एखादीत पाणी वर आल्यासारखे दिसले, तिथे दोनदा पडली. एखादीचा तळ दिसला, तिथे पडलीच नाही. गोळी एकदा वर बसली की हे पाहायची सोय संपली. बाहेरून पन्नासही काडतुसे सारखीच, चकचकीत.

मनात बॅटरी धरा आणि एकेका विहिरीवरून सावकाश न्या. मोजू नका. प्रत्येकीत वाकून पाहा. विसाव्या-बाविसाव्या विहिरीपाशी तुमचे लक्ष सुटेल. माझे दर वेळी सुटते. सुटल्याचे ध्यानात आले की पुढे ढकलून न्यायचे नाही. पहिल्या विहिरीपासून परत.

पितळेलाही आठवण असते. दर बाराला पुंगळी फुगते, पुन्हा दाबून तिला मापात आणतात, आणि असे करता करता बुडाच्या थोडे वर तिची भिंत आतून पातळ होत जाते. बाहेरून फार तर एक उजळ कडे दिसते. जाणकार माणूस एक तार टोकाशी वाकवतो, आत घालतो आणि भिंतीवरून वर ओढतो. तार मध्येच किंचित अडकली की ती पुंगळी बाजूला. डोळ्याला न दिसलेली खाच बोटाला कळते. ते बोट, ती तार, तो किंचित अडखळा : यावर एक पूर्ण श्वास द्या.

मराठीत आपण फुसका बार म्हणून हसतो. सभेत पुढाऱ्याचे भाषण पडले, फुसका बार. रायफलीच्या मागे उभे असलेल्या माणसाला तो शब्द हसण्यावारी नेता येत नाही. दारू फार कमी पडली किंवा पडलीच नाही, तर नुसती टोपी गोळीला नळीत ढकलते आणि गोळी मध्येच अडकून बसते. आवाज लहान, धक्का नाही. नेमबाज घाईत असेल तर म्हणेल, हा गेला वाया, पुढचा. आणि पुढचा बार बंद नळीत उडतो. मोठ्या आवाजाला सगळे दचकतात. जपायचे असते ते या लहान आवाजाला.

आणि आवाजच आला नाही तर?

शेतातली एक रात्र सांगतो. मी तेव्हा बारा वर्षांचा, मचाणाखाली बसलेला. मक्यात खसफस झाली. आजोबांनी टोपी बसवली, बंदूक खांद्याला लावली, घोडा पडला. टोपी फुटल्याचा 'टक्' एवढाच आवाज. बार झाला नाही. डुकरे पळाली. मी उठायला लागलो तर त्यांनी डाव्या हाताने मला खाली दाबले. उजव्या खांद्याला बंदूक तशीच, तोंड रिकाम्या पडीक रानाकडे. ते बोलले नाहीत. मीही नाही. दव पडत होते. दारू ओलसर असली तर ठिणगी आत धुमसत राहते आणि बार उशिरा होतो, हे मला नंतर कळले. आजच्या नेमबाजीच्या मैदानांवरही हाच रिवाज आहे : चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी निशाणाकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचे.

आजोबा त्याहून खूप जास्त थांबले. मला वाटले, हात दुखत असतील.

तो थांबलेला वेळ आता आपण घेऊ. तीस श्वास. काही होणार आहे की नाही ते ठाऊक नाही. तोंड सुरक्षित दिशेला आहे, बोट चापावरून काढले आहे, कान उघडे आहेत. आपल्या हातून झालेली एखादी गोष्ट, बोललेला एखादा शब्द, ज्याचा परिणाम अजून दिसलेला नाही, तो या वेळात तुमच्याजवळ येऊन बसेल. बसू द्या. उठून पाहायला जाऊ नका. तीस श्वास.

त्या रात्री बार झाला नाही. सकाळी त्यांनी तो नळीतून काढून टाकला आणि दारूची डबी उन्हात न ठेवता, सावलीत, वाऱ्याला, चुलीपासून पार लांब नेऊन ठेवली.

काडतूस आपण भरलेले नसेल तर आपण दुसऱ्या कुणाच्या तरी नेमावर भरवसा ठेवतो. हा भरवसा मोडला की काय होते ते या देशाने १८५७ साली पाहिले. एनफिल्ड रायफलीचे काडतूस कागदाचे होते, दारू आणि गोळी आत, बाहेरून चरबीचा लेप. ते दाताने फाडायचे. त्या लेपात काय आहे, या प्रश्नाचे विश्वास बसेल असे उत्तर शिपायांना मिळाले नाही. त्या वर्षी जूनमध्ये इथल्या छावणीतले हैदराबाद कंटिन्जंटचे घोडदळही उठले. त्यांचे दुखणे वेगळे होते. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेणार, ही त्यांची धास्ती होती. उठाव मोडल्यावर काळ्या चबुतऱ्यावर त्यांच्यातल्या काहींना मृत्युदंड दिला गेला. तोच आपला क्रांती चौक. सिग्नलला गाडी थांबते तेव्हा मला तो कागद आठवतो. हातात दिलेल्या वस्तूत काय आहे हे विचारण्याचा हक्क फार साधा आहे, आणि तो नाकारणे फार महागात पडते.

मलिक अंबरने १६१० मध्ये हे शहर वसवले तेव्हा त्याचे नाव खडकी होते. पुण्याच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. दोन खडक्यांचा एकमेकींशी संबंध काही नाही, पण माझ्या मनात त्या शेजारी बसल्या आहेत. पुण्याच्या खडकीत तयार झालेल्या काडतुसाच्या बुडावर केएफ ही अक्षरे असतात. ती सही आहे. हे कुणी भरले ते विचारता यावे म्हणून केलेली. घरी भरणारा माणूसही डब्यावर चिठ्ठी लावतो : तारीख, दारू कोणती, माप किती, पुंगळी कितव्यांदा. सहा महिन्यांनंतरच्या स्वतःला लिहिलेले ते पत्रच असते, कारण सहा महिन्यांनी आपण परकेच असतो.

एवढा खटाटोप जीव वाचावा म्हणून. पण गंमत अशी की निशाणही यानेच साधते. गोळीच्या वेगात फरक पडला की लांबच्या निशाणावर ती वर-खाली लागते. वेगातला फरक मापातल्या, पुंगळीतल्या, गोळी बसवण्यातल्या फरकातून येतो. पाच गोळ्या पाच ठिकाणी लागल्या तर माशी कुठे सरकवायची हेच कळत नाही. पाचही एका जागी, पण मध्यापासून चार बोटे डावीकडे लागल्या, तर जाणता नेमबाज खूश होतो. माशी सरकवणे दोन मिनिटांचे काम. एका जागी आणणे हे महिन्यांचे.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, ४५१.४ गुणांनी. त्या निशाणावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, शर्टाच्या बटणाएवढे. गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून ते साधायचे. या खेळातले बारीक काडतूस हाताने भरता येत नाही, ते कारखान्यातूनच येते. तरी हे खेळाडू त्यांतही निवड करतात : एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या खेपांतली काडतुसे आपल्या नळीतून उडवून पाहायची आणि जी खेप सगळ्यात दाट घोळका करते ती घ्यायची. प्रत्येक नळीला वेगळी खेप मानवते. अंतिम फेरीत टीव्हीवर आपल्याला चाप ओढताना दिसतो. बार त्याच्या कितीतरी आधी, कुठल्यातरी शांत खोलीत ठरलेला असतो.

आता मेज आवरू. दारू तिच्या डब्यात. काट्याचे पारडे पुसून, काच लावून. ठोकळा पालथा, भोके रिकामी. तळहातावरचा तोळा खाली ठेवा. हात किती हलके झाले ते जाणवते का?

अजून डोळे उघडू नका. एक शेवटचे चित्र आहे.

आजोबा गेले. परवाना त्यांच्या नावाचा होता, म्हणून बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची होती. बाबा आणि मी ती धडप्यात गुंडाळून घेऊन गेलो. टेबलामागच्या हवालदारांनी रजिस्टर उघडले, क्रमांक जुळवला आणि लिहिता लिहिता विचारले, "रिकामी आहे ना?"

"रिकामीच असेल," बाबा म्हणाले. आणि मग स्वतःच गप्प झाले.

त्यांनी बंदूक परत हातात घेतली. दाराबाहेर, भिंतीकडे तोंड करून उभी धरली. मी धडप्यातून गज काढून दिला. हवालदारांनी पेन खाली ठेवले. बाकावर बसलेले दोघे बोलायचे थांबले. बाबांनी गज नळीच्या तोंडाशी धरला, सोडला, आणि डोके कलते केले.

खण्ण.